खारबांध आणि मारांडी

कोंकणांतील खाडीकांठच्या खातेदारांस मारांडीचें झुडूप परिचित आहे. तें अंगास टोचतें, गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. तेव्हां तें निरुपयोगी, असा समज आहे. तो कां सोडावा, हें या पाठांत सांगावयाचें आहे.

ओळख.— मारांडी भरती-ओहोटीच्या चिखलांत दाट जाळीनें वाढते. शास्त्रीय नांव अकॅन्थस इलिसिफोलियस. उंची सुमारें ३ ते ५ फूट. पानें जाड, चकचकीत व कडेस कांटेरी असतात. मुळांवाटे आलेल्या मिठाचा कांहीं अंश पानांतून बाहेर पडतो; कोरड्या हवेंत त्याचे कण पानांवर दिसतात. उन्हाळ्यांत शेंड्यांस निळसर जांभळ्या फुलांचे तुरे येतात. बोंड वाळलें म्हणजे तडकतें व बीं दूर उडतें.

उपयोग.— या जाळींत भरतीच्या पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खालीं बसतो आणि खोडांस फुटलेलीं आधारमुळें तो धरून ठेवितात. बांधाचें बळ त्याच्या पायथ्यांत असतें. पायथा उघडा पडला कीं उधाणाचें पाणी माती खाऊं लागतें व अखेरीस खांड पडते. खारें पाणी खाचरांत शिरल्यास उभें पीक जातेंच. शिवाय पावसानें मीठ धुवून निघेपर्यंत जमीन नीट पिकत नाहीं. राता भात खार सोसतें, परंतु त्यासही मर्यादा आहे. महसुली नोकरींत अशा खांडींचे पंचनामे आम्हीं लिहिले आहेत. त्यांत एका हंगामाची हानि मांडली जाते. पुढील हंगामांच्या हानीस रकाना नसतो.

सूचना.—

१. बांधाच्या डागडुजीस खाडीकडील पायथ्याची माती काढूं नये. ती काढल्यानें झुडूप व पायथा दोन्ही जातात.

२. पायथा उघडा असेल तेथें पक्व बोंडांचें ताजें बीं चिखलांत टोंचावें.

३. बांधाच्या अंगावरील खेंकड्यांचीं बिळें उधाणापूर्वीं पाहून बुजवावीं. मारांडी बिळें बुजवीत नाहीं. तें काम मालकाचेंच.

४. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनाच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालानें ती राज्यभर कायम झाली. खाडीकडील झाडोऱ्यास कोयता लावण्यापूर्वीं वन खात्याकडे विचारणा करावी.

बांध घालण्यास पैसा लागतो. मारांडी राखण्यास केवळ हात आवरावा लागतो. येत्या उधाणापूर्वीं प्रत्येकानें आपल्या बांधाचा बाहेरील पायथा एकदां चालून पाहावा.