बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका

ऑपरेशन झालं, केमो संपली, केस पुन्हा आले. तपासणीला आलेली बाई खुर्चीतून उठता उठता विचारते, ‘‘डॉक्टर, दुसऱ्या बाजूला तर नाही ना होणार?’’

भीती रास्त आहे. एका स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर होण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा जास्त असतो. हे जुनं दुखणं उलटणं नव्हे. ही वेगळीच गाठ. बहुतेकींना ती होत नाही, आणि असलेला धोका कमी करणं बरंचसं आपल्या हाती आहे.

सर्वांत मोठी ढाल म्हणजे रोजची गोळी. कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल, तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी किमान 5 वर्षं, काहींना त्याहून जास्त काळ घ्यावी लागते. ती दुसऱ्या स्तनालाही जपते. पण अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, किंवा ‘आता मी ठणठणीत आहे’ म्हणून अनेकजणी ती परस्पर बंद करतात. त्रासावर उपाय असतात, गोळी बदलताही येते. आधी आम्हाला सांगा. टॅमॉक्सिफेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. त्यामुळे पाळी गेल्यानंतर अंगावरून थेंबभर रक्त गेलं, तरी लगेच दाखवा.

दरवर्षी मॅमोग्राफी करा. गर्भाशयमुखाची तपासणीही विसरू नका.

आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर होता का, हे घरी विचारा. तसं असेल, किंवा तुमचा आजार तरुण वयातला असेल, तर बीआरसीए जनुकाच्या तपासणीबद्दल आमच्याशी बोला. या जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो. बीजांडकोशाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून दोष आढळल्यास, मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए1 असेल तर 35 ते 40 आणि बीआरसीए2 असेल तर 40 ते 45 या वयात बीजांडकोश व बीजवाहक नलिका काढण्याचा सल्ला देतात.

मिश्री आणि तंबाखू आजच बंद करा. त्यातून तोंडाचा कॅन्सर होतो. छातीवर रेडिएशन घेतलेल्या स्त्रीने धूम्रपान केलं, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. दारू टाळा. आठवड्यात 150 मिनिटं भरभर चाला, वजन आटोक्यात ठेवा.

पुढच्या वेळी येताना गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा. राहिलेल्या गोळ्या दिसल्या म्हणून मी रागावणार नाही. त्या का राहिल्या, हे कळलं की आपण मिळून मार्ग काढू.