एका किडनीवर भागतं, मग दोन असून डायलिसिस का?

प्रश्न : मामीनं मामाला किडनी दिली. आज ती घरचं, शेतातलं सगळं पाहते. तिचं एका किडनीवर भागतं, तर मामाला दोन असताना डायलिसिस का लागलं?

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. किडन्या किती, यापेक्षा त्यात चालू गाळण्या किती, हे महत्त्वाचं. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. म्हणजे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त. मामींनी एक किडनी दिली, पण उरलेली निरोगी आहे. अशी किडनी थोडी वाढते आणि दोन्ही किडन्यांच्या मिळून होणाऱ्या कामापैकी ६५ ते ७० टक्के काम एकटी उचलते.

मधुमेह किंवा रक्तदाब मात्र एकच किडनी गाठत नाही. दोन्हींतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, गाळण्या एकेक करून बंद पडतात. कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या खाली गेली, की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ जवळ येते.

मग आधी कळत का नाही? गाळण्या जास्तीच्या असतात, म्हणूनच. निम्मं काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढत नाही. ‘लघवी साफ होते, म्हणजे किडनी ठीक’ हाही गैरसमजच. पाणी बाहेर पडतं, पण विषारी द्रव्यं आत साठू शकतात. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी दरवर्षी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावंच.

किडनी दिल्यानं माणूस अधू होत नाही. शस्त्रक्रियेत थोडी जोखीम असते, म्हणून दात्याची आधी कसून तपासणी होते. पुढंही वर्षातून एकदा तपासणी करावी, मनानं वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. आणि एक गंमत : नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या सहसा काढत नाहीत. त्यामुळे मामांच्या पोटात आता बहुधा तीन किडन्या असतील!

प्रत्येकाला घरात दाता मिळत नाही. मेंदूमृत व्यक्तीच्या दोन किडन्या दोघांना नवं आयुष्य देऊ शकतात. १९९४ च्या कायद्यानं त्याला मान्यता आहे. पण दात्याचं कार्ड भरलेलं असलं तरी रुग्णालयात नातेवाइकांची संमती विचारली जाते. तेव्हा इच्छा असेल तर कार्ड भराच, पण घरच्यांनाही आजच स्पष्ट सांगून ठेवा.