पासबुकातली ३३० रुपयांची नोंद

घरातला कमावता माणूस साथीत गेला की सरकारी मदत एका खिडकीतून येत नाही. पाच-सहा ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळे कागद मागत येते. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली एक बाई हे आज गावोगावच्या एकल महिलांना सांगते, तेव्हा त्यामागे तिचं स्वतःचं पूर्ण वर्ष असतं.

जिल्ह्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेची चाहूल फेब्रुवारी २०२१ मध्येच लागली होती. रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले आणि वाशिमचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. या बाईचा नवरा चाकणच्या एका कारखान्यात कामाला होता. शिमग्याला गावी आला, तापानं आजारी पडला आणि एप्रिलमध्ये एका खासगी रुग्णालयात वारला. मागे दोन शाळकरी मुलं, थकलेले सासरे आणि कोरडवाहू सोयाबीनची थोडी जमीन.

पहिला आधार मिळाला तो नवऱ्याच्या बँक पासबुकात. मे २०२० मध्ये खात्यातून ३३० रुपये कापल्याची नोंद तिथे होती. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता होता. १ जून ते ३१ मे असं या विम्याचं वर्ष चालतं आणि मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. म्हणजे इथे कोविड सिद्ध करायची गरजच नव्हती. मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि वारसाच्या खात्याचा तपशील, एवढंच हप्ता कापणाऱ्या शाखेत द्यायचं होतं. घरात कुणालाच या विम्याची माहिती नव्हती. म्हणून ती आज कुठल्याही घरी गेली की आधी पासबुक भरून आणायला सांगते आणि मे-जूनच्या नोंदी स्वतः वाचते.

दुसरा आधार भविष्य निर्वाह निधीचा. निधीत साठलेली रक्कम मागायची हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच खात्याला जोडलेला विमा मात्र राहून जातो. नोकरीत असताना सदस्य वारला तर या विम्यातून कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. ही मर्यादा एप्रिल २०२१ मध्येच ६ लाखांवरून वाढली होती. शिवाय विधवेला आणि मुलांना निवृत्तिवेतन मिळतं, ते वेगळं. यासाठी कारखान्याची सही लागते आणि कारखाना असतो पुण्याकडे. तिच्या दिरानं तिथे जाऊन कागद पुरे केले.

कोविडमृत्यूसाठीचं ५० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान फार उशिरा आलं. सर्वोच्च न्यायालयानं ३० जून २०२१ रोजी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला मदतीचे निकष ठरवायला सांगितलं, सप्टेंबरात रक्कम ठरली आणि राज्याचा शासन निर्णय नोव्हेंबरअखेर निघाला. तोवर अनेक घरांतून दवाखान्याची चिठ्ठीचपाटी गेलेली होती. तिचा अर्ज एका कार्यालयातून परत आला. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही, हे कारण तिला तोंडी सांगण्यात आलं. खरं तर मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेलंच नसतं. ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रात असतं. आणि केवळ त्या कारणावरून मदत नाकारू नये, असं न्यायालयानं ४ ऑक्टोबर २०२१ रोजीच स्पष्ट केलेलं होतं.

तिनं जपलेला अँटिजेन चाचणीचा अहवाल इथे कामी आला. चाचणीच्या तारखेपासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो कोविडमृत्यू धरायचा, असा निकष होता. दाखल असतानाच ३० दिवस उलटून रुग्ण दगावला, तरी तो धरायचा होता. नकार मिळालेल्यांसाठी जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समिती होती. तिनं तिथे अर्ज दिला, पोच घेतली आणि पैसे खात्यात आले.

मग कराची भीती. नवऱ्याच्या कंपनीनं कुटुंबाला मदत दिली होती, सोबतच्या कामगारांनीही वर्गणी काढली होती. एवढ्या पैशावर आयकर बसेल, असं गावात कुणीतरी सांगितलं आणि सासऱ्यांची झोप उडाली. केंद्रानं २५ जून २०२१ रोजीच यावर सवलत जाहीर केली होती, पुढे २०२२ च्या वित्त कायद्यात ती आली. मालकानं दिलेल्या रकमेला मर्यादा नाही, इतरांनी दिलेली मिळून १० लाखांपर्यंत करमुक्त. अट अशी की रक्कम मृत्यूनंतर १२ महिन्यांत मिळालेली असावी आणि मृत्यू चाचणीत बाधा निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत झालेला असावा. म्हणजे अनुदानाला ३० दिवस, करसवलतीला सहा महिने. एकाच मृत्यूला दोन मोजमापं, पण दोन्हींचा आरंभ चाचणीच्या तारखेपासून.

रुग्णालयाच्या रोख भरण्याचंही तसंच. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. ती १ एप्रिल ते ३१ मे २०२१ पुरती कोविड उपचारांसाठी शिथिल झाली, पण रुग्णाचा आणि पैसे भरणाऱ्याचा पॅन किंवा आधार नोंदवण्याच्या अटीवर. त्यामुळे पावती कोणाच्या नावानं फाटते, याकडे तेव्हाच लक्ष द्यावं लागतं.

मुलांबाबत गावात ५ लाख, १० लाख अशा चर्चा होत्या. राज्याची ५ लाखांची ठेव आणि केंद्राची १० लाखांची तरतूद ही आई-वडील दोघंही गमावलेल्या मुलांसाठी होती. तिच्या मुलांसाठी योग्य दार बालसंगोपन योजनेचं होतं, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातलं. एक पालक गेलेल्या मुलांना तिथून दरमहा मदत मिळते; पुढे ती रक्कम २२५० रुपये झाली.

आता बचत गटाच्या बैठकीत ती बायकांना एक पिशवी करायला लावते. “बाई, चाचणीचा कागद फेकू नका, तारखेचाच सारा खेळ हाये,” असं सांगते. पिशवीत चाचणीचा अहवाल, भरतीची आणि मृत्यूची कागदपत्रं, तपशीलवार बिल, पावत्या, पासबुक आणि प्रत्येक अर्जाची पोच. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागायचं. नवरा, मुलगा बाहेरगावी नोकरीला असेल तर त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर वारसाचं नाव लागलंय का, हे तो सुट्टीवर आला की बघून घ्यायचं. जीवन ज्योतीचा हप्ता जून २०२२ पासून ४३६ रुपये झाला आहे. मे महिना संपताना खात्यात तेवढी शिल्लक ठेवायची आणि जूनमध्ये पासबुक भरून आणायचं.