चेहरा दिसला पाहिजे

आमच्या कोकणातल्या घरी चोरी झाली, तेव्हा कॅमेरा चालू होता. घर बंद, आम्ही सगळे मुंबईत. फुटेजमध्ये एक माणूस पाणंदीकडून खळ्यात येतो, पडवी चढतो आणि थोड्या वेळाने जड पोतं घेऊन परत जातो. पोत्यात आजीची तांब्याची घागर, घंगाळ आणि समया. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका. हवालदारांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. "हा गावातला कोणीही असू शकतो," ते म्हणाले. मग संशय फिरू लागला आणि ज्या घरांशी आमचा पिढ्यांचा घरोबा, त्यांच्यापर्यंतही पोचला. भांडी गेल्यापेक्षा मला त्याचं जास्त दुःख आहे. म्हणून दुसऱ्यांदा कॅमेरे घेताना मी हा विषय मुळापासून समजून घेतला.

काकांना तो कॅमेरा विकताना कॅमेरेवाला म्हणाला होता, "फुल एचडी आहे, अख्खं खळं दिसेल." दिसत होतंच, आणि गोम तिथेच होती. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. अनोळखी माणूस ओळखू यायला एका मीटर रुंदीत साधारण २५० ठिपके हवेत, असा या क्षेत्रातला रूढ निकष आहे. म्हणजे चित्राची रुंदी साडेसात मीटरच्या पुढे गेली की ओळख पटण्याची खात्री संपते. २.८ मिमीची लेन्स इतकं रुंद बघते की ही मर्यादा तीन मीटरवरच येते. ६ मिमीची लेन्स आजूबाजूचं कमी दाखवते, पण सात-आठ मीटरवरचा चेहरा पकडते. दुकानात मेगापिक्सेलआधी लेन्स किती मिमीची, ते विचारा. खळ्यावर नजर ठेवायला रुंद लेन्सचा कॅमेरा ठेवा. पण आत शिरण्याची जी वाट आहे तिच्यावर ६ मिमीचा एक हवाच. तो डोक्यापेक्षा थोडा उंच, अडीच मीटरपर्यंत लावा. वाशांना टांगलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या येतात.

पांढरा ठिपका झाला तो कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांमुळे. शेजारच्या चुन्याच्या भिंतीवरून उजेड उलटा फिरला, आणि भिंगावर कोळ्याचं जाळंही होतं. या दिव्यांवर किडे येतात आणि किड्यांमागे कोळी, त्यामुळे घर बघणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा ब्रश फिरवायला सांगून ठेवा. शिवाय अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, त्यामुळे चालता माणूस फरफटल्यासारखा दिसतो. पडवीत रात्रभर एक एलईडी बल्ब जळत ठेवला तर फार फरक पडतो. पैसे देण्याआधी रात्री, तुमच्याच पडवीत, कोणाला तरी चालायला लावून चित्र बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली यातलं काही कळत नाही.

बंद घराची आणखी एक अडचण म्हणजे चोरी कळते ती शिमग्याला किंवा गणपतीत कोणी गेलं की. तोवर फुटेज शिल्लक राहायला हवं. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांत एक टीबीची डिस्क सहा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. एच.२६५ पद्धतीत साधारण निम्मी जागा पुरते. फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करा, असं ठेवलं तर माडाची झावळी रात्रभर रेकॉर्ड होत राहते. माणसाचीच हालचाल ओळखणारी सोय असलेला कॅमेरा घ्या. रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोही उचलतो. आमचा आता माळ्यावर आहे आणि घटनेची प्रत लगेच मोबाइलवर येते. अर्थात त्यासाठी लाइट गेल्यावर डीव्हीआरबरोबर राउटरलाही यूपीएस हवा. आणि ऑक्टोबरच्या विजा बघता, चांगलं अर्थिंग.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या मालवेअरने कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. भारतात ९ एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी बंधनकारक झाली आहे, तेव्हा दुकानात पडून असलेला जुना स्वस्त माल घेऊ नका.

फुटेज न्यायालयात टिकायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीच्या एका खटल्यात वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचाच होता, आणि जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राची गरज सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठामपणे सांगितली. म्हणून चोरीनंतर डीव्हीआर उघडू नका, काही पुसू नका, आणि त्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हे एरवीही तपासत जा.

कॅमेरा लावताना शेजाऱ्यांना बोलवा. त्यांची न्हाणी, विहीर, मागचं दार चित्रात येत असेल तर कोन वळवा, नाहीतर सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करून घ्या, आणि झालेलं चित्र त्यांना मोबाइलवर दाखवा. आम्ही या वेळी ज्यांच्यावर संशय गेला होता, त्या घरी आधी गेलो.