दुखत नसतानाची कॅप्सूल

सिकलसेलच्या एसएस पॅटर्नच्या मुलांचे पालक ओपीडीत एक वाक्य हमखास बोलतात: “तीन महिने काही दुखलं नाही, म्हणून औषध बंद केलं.” कळा आल्या की आजार आला आणि कळा थांबल्या की आजार गेला, हा समज गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. सुटीचे वाटणारे ते तीन महिनेही आजार रक्तात रोज काम करत असतो.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं, बिघाड एवढाच. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ मध्ये तो दाखवून दिला. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार बदलतो आणि हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खाचेत जाऊन बसतं. असे रेणूला रेणू लागत १४ पदरांचा पीळदार दोर वळला जातो, आणि असंख्य दोर मिळून पेशीला आतून ताणत विळ्यासारखी करतात. पण हे क्षणात होत नाही. पाक बराच वेळ नितळ दिसतो आणि एकदा खडा धरला की भराभर साखर होते, तसंच इथे घडतं. पहिले काही रेणू जुळायला वेळ लागतो, पुढे दोर झपाट्याने वाढतात. तांबडी पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदाभरात पार होते, थोड्याच वेळात फुप्फुसात परतते आणि तिथे प्राणवायू मिळाला की वळलेले दोर विरघळतात. बहुतेक पेशी दोर वळण्याआधीच अरुंद वाट ओलांडतात, म्हणून रोज कळा येत नाहीत. त्या सुरुवातीच्या विलंबावर सगळं अवलंबून आहे.

मग दोर विरघळतच असतील तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दरवेळच्या ताणाने पेशीचं आवरण जखमी होतं, त्यातून पोटॅशियम आणि पाणी बाहेर जातं, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं. ते थोडंसं दाटलं तरी पुढचा विलंब अनेक पटींनी घटतो. १२० दिवस जगणारी पेशी मग १०–२० दिवसांतच फुटते. डोळ्यांतला पिवळेपणा बहुतेकदा त्याचाच असतो. धानकापणीला दिवसभर पाण्याविना राबू नका, हे आम्ही पुन्हापुन्हा बजावतो ते यासाठी.

पालक बंद करतात ते औषध, हायड्रॉक्सियुरिया, हा विलंब वाढवतं. ते गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि त्याचे रेणू दोरात नीट बसत नाहीत. पहिले काही महिने बाळाला त्रास का होत नाही, याचं उत्तरही हेच: तोवर त्याच्या रक्तात हे हिमोग्लोबिन भरपूर असतं. “हे तर कॅन्सरचं औषध,” ही शंका रास्त आहे. काही रक्तकर्करोगांत ते वापरतात, पांढऱ्या पेशीही कमी करतं, म्हणूनच ठरल्या वेळी रक्त तपासायचं आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. पण १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वेदनेचे झटके जवळपास निम्म्याने कमी झाले. परिणाम दिसायला महिने लागतात आणि औषध सोडलं की तो ओसरतो. दुखलं नाही ते त्या कॅप्सूलमुळे, आणि नेमकी तीच तुम्ही थांबवता!

“रक्त कमी आहे” म्हणून तपासणीविना लोहाचं टॉनिक पाजणाऱ्यांचा मला संताप येतो. इथे बहुधा लोहाची उणीव नसते, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात ते आधीच साचलेलं असतं. कळांवर स्टिरॉइडचं इंजेक्शन ठोकणारे तर दुसरा झटका ओढवून घेतात. मोबाइलवरचा ‘मुळापासून बरा करणारा’ काढा बिघडलेलं जनुक बदलत नाही. घाबरू मात्र नका. पाणी, लसी आणि नियमित औषध यांच्या आधारावर मुलं शाळा शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.

ताप १०१ अंशांवर गेला, छातीत दुखून धाप लागली, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, लहान मूल अचानक पांढरंफटक पडून डाव्या बरगडीखाली फुगवटा हाताला लागला, किंवा पुरुषाला दोन तासांहून अधिक दुखरा ताठरपणा राहिला, तर पहाटेच्या एसटीची वाट पाहू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन करा आणि पोचताच पहिल्या वाक्यात सांगा, “सिकलसेल आहे.”