काटा टायरमध्येच राहिलाय!

प्रश्न : मुलीला मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकल मिळाली. पंक्चर काढलं तरी दोन दिवसांत हवा जाते. साखळीही करकरते.
– एक पालक, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : ठिगळ लागलं, पण बाभळीचा काटा टायरमध्येच राहिला असावा. टायर उतरवून आतून सुती फडकं फिरवा; अडकेल तिथे मोडलेलं टोक सापडेल, ते पकडीने ओढून काढा. मग ट्यूब बादलीत बुडवून जुनं ठिगळ सुटलंय का, तेही पाहा. हवा कमी ठेवली की काटे लागत नाहीत, हा गैरसमज. उलट दगडावर ट्यूब चेमटते.

साखळीला गोडेतेल नको. ते चिकटतं आणि काळी माती धरून ठेवतं. साखळी पुसून मशीन ऑइलचे थेंब सोडा, वरचं तेल पुसा. नवा टायर घ्यायची घाई मात्र करू नका.