वेदीवरची राख कोणी काढावी?

शास्त्रपाठ : लेवीय ६:८-१३, निर्गम २७:३, गणना ४:१३



वेदीवरचा अग्नी कधीही विझू देऊ नये, ही लेवीयच्या सहाव्या अध्यायातील आज्ञा आपणा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. परंतु याच शास्त्रभागात, त्या आज्ञेच्या थोडे अगोदर, दोन वचने राखेविषयी आहेत. ती आपण घाईने वाचतो व पुढे जातो. आम्हीही कित्येक वर्षे तसेच करीत आलो. गेल्या हंगामाच्या सणाला एका शेगडीने आम्हाला त्या दोन वचनांपाशी थांबवले. तो पाठ आज आपण मिळून शिकू या.

१. दोष गोळ्यांचा की आमचा?

आमचा बालाघाट जिल्हा धानाचा. बालाघाट, वारासिवनी या भागांत भातगिरण्या आहेत आणि गिरणी आली की कोंड्याचे ढीग आलेच. हा धानाचा कोंडा किंवा लाकडाचा भुसा यंत्रात दाबून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गोळ्या करतात. त्या ज्या शेगडीत जळतात तिला खाली छोटा पंखा असतो. सणाच्या प्रीतिभोजनासाठी आमच्या मंडळीने अशा दोन शेगड्या आणल्या होत्या.

पहिले पातेले झटपट शिजले. जाळ स्वच्छ होता, धूर जवळजवळ नव्हताच. त्याच शेगडीत आम्ही वरून नव्या गोळ्या ओतल्या आणि दुसरे पातेले चढवले. आता जाळ पिवळा व लोळा झाला, धूर डोळ्यांत जाऊ लागला, भात अर्धा कच्चा राहिला. पंखा तर चालू होता. तेव्हा आम्ही चार माणसांसमोर मोठ्याने म्हणालो की दुकानदाराने ओल्या गोळ्या दिल्या.

शेजारी भांडी घासत असलेल्या, वयाने साठी ओलांडलेल्या एक बाई आहेत. मंडळीत सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी मान वर करून विचारले, "भाऊ, पहिल्या भातानंतर राख काढली होती का जी?"

आम्ही काढली नव्हती. दुसरी शेगडी मावशींनी स्वतः सांभाळली होती आणि ती त्याच पोत्यातल्या गोळ्यांवर उत्तम जळत होती. मावशींनी आमचे पातेले गॅसवर नेववले, शेगडी अंगणात नेऊन लोखंडी घमेल्यात रिकामी केली, तळाची भोके तारेने मोकळी केली. पुन्हा पेटवल्यावर पहिल्यासारखाच जाळ उठला. दुकानदाराचा काही दोष नव्हता. ज्या चार माणसांसमोर आम्ही बोललो होतो त्यांना ते सांगणे आम्हाला भाग पडले.

२. राख आग कशी कोंडते?

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, उष्णता आणि हवा. पहिल्या दोन आपण डोळ्यांनी पाहतो, हाताने जाणतो. हवा दिसत नाही, म्हणून तिचा विसर पडतो. या शेगडीत पंख्याची हवा दोन वाटांनी आत येते. तळाच्या भोकांतून आलेली हवा गोळ्या धुमसवते व त्यांतून वायू निघतो. वरच्या कडेच्या भोकांतून आलेली हवा तो वायू जाळते. तळ राखेने बुजला की पहिली वाट बंद होते. वरची भोके काजळीने भरली की वायू न जळता धूर होऊन बाहेर पडतो. पंखा फिरत राहतो, जळण भरलेले असते, पण आग गुदमरते.

येथे जळणाचा प्रकारही ध्यानात घ्यावा. चांगल्या वाळलेल्या लाकडाची राख वजनाच्या शेकडा एकदोन भागच होते. धानाच्या कोंड्याची राख मात्र सुमारे शेकडा वीस भाग होते. म्हणजे कोंड्याच्या दहा किलो गोळ्या जाळल्या तर दोन किलोच्या आसपास राख उरणारच. ती बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची असते. आपोआप उडून जात नाही.

हा नियम सगळ्या आगींना लागू आहे. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी बंगाल नागपूर रेल्वेची छोटी लाईन वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिच्यावर वाफेची इंजिने होती. असले इंजिन फेरीवरून आले की जाळीवरचे खंगर फोडून राख खड्ड्यात पाडावी लागे. तसे न केले तर कोळसा कितीही टाका, वाफ धरत नसे.

महाराष्ट्रातही गोळ्यांची शेगडी घरोघरी नेण्याचा मोठा प्रयत्न झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साह्याने बीपी कंपनीने 'ऊर्जा' नावाची शेगडी तयार करून २००६ साली बाजारात आणली. २००९ साली ते काम पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेले. पुढे गोळ्या महागल्या तशी घरगुती गिऱ्हाइके कमी झाली. त्याआधी १९८३ सालापासून सरकारने सुधारित चुलीचा कार्यक्रम देशभर राबवला व तो २००२ पर्यंत चालला. त्यांतील पुष्कळ चुलींना धुराडे होते. जेथे धुराड्यातील काजळी वेळेवर काढली नाही तेथे धूर पुन्हा स्वयंपाकघरातच आला. चूल नवी असो वा जुनी, तिची निगा कोणीतरी रोज करावी लागते.

३. राख काढण्याची रीत

ज्यांच्या घरी किंवा मंडळीत अशी शेगडी आहे त्यांच्यासाठी, मावशींकडून व पुढच्या अनुभवातून शिकलेले येथे क्रमाने देतो.

पहिले, शेगडी पूर्ण निवू द्यावी. रात्री वापरलेली सकाळी साफ करणे सर्वांत बरे. दुसरे, भांडे उलटे करून राख झटकावी आणि तळाचे प्रत्येक भोक तारेने मोकळे करावे. राख वितळून दगडासारखे खंगर धरले असेल तर ते फोडून काढावे, कारण खंगराखालून हवा जात नाही. तिसरे, वरच्या कडेची भोके कोरड्या ब्रशाने झाडावी. पंख्याच्या तोंडाशी साचलेली धूळही काढावी. तेथे पाणी लावू नये. चौथे, गोळ्या वरच्या भोकांच्या खालीच भराव्या, भोके झाकू नयेत. पाचवे, गोळ्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्या. पावसाळ्यात ओल लागली की त्या फुगून भुगा होतात आणि तो भुगा राखेसारखाच हवा अडवतो.

एवढ्याला दहा मिनिटे पुरतात.

४. मेलेला दिसणारा निखारा

मावशींनी राख लोखंडी घमेल्यातच का घेतली, हे मुलांना अवश्य सांगावे. राख पांघरूण आहे. आपल्या आज्या रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवीत आणि सकाळी फुंकून चूल पेटवीत. जो गुण त्यांच्या उपयोगी पडे तोच आपला घात करू शकतो. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो. म्हणून ती प्लास्टिकच्या बादलीत किंवा पोत्यात भरू नये, तणसीच्या ढिगाजवळ टाकू नये. झाकणाच्या लोखंडी डब्यात, घरापासून दूर, मोकळ्या जमिनीवर ठेवावी.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पौषाच्या थंडीत आपल्याकडे निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन, दारे-खिडक्या लावून निजतात. धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो आणि उठतच नाही. शेगडी खोलीबाहेर ठेवूनच निजावे, हे प्रत्येक वर्गात सांगितले गेले पाहिजे.

धुराचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील चुलीच्या धुराने व त्यासारख्या प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरी गॅस आला, तरी पाणी तापवायला व मोठ्या स्वयंपाकाला लाकूड-गोळ्या अजून जळतातच. चुलीजवळ बसते ती बहुधा घरची बाई, आणि तिच्या मांडीवर मूल.

५. शास्त्र काय शिकवते?

आता शास्त्रपाठाकडे वळू. लेवीय ६:१०-११ मध्ये याजकाने काय करावे ते पाहा. त्याने तागाची वस्त्रे घालून वेदीवरची राख उचलावी व वेदीच्या बाजूला ठेवावी. मग ती वस्त्रे काढून, दुसरी घालून, राख छावणीबाहेर स्वच्छ ठिकाणी न्यावी. यानंतरच, बाराव्या वचनात, रोज सकाळी लाकडे रचण्याची गोष्ट येते. क्रम ध्यानात घ्या : आधी कालची राख, मग आजचे लाकूड.

येथे तीन गोष्टी दिसतात. एक, हे काम याजकाचे आहे, चाकराचे नव्हे. दुसरी, वेदीजवळची राख तो सेवेच्या वस्त्रांतच उचलतो, म्हणजे राख उचलणे हाही उपासनेचाच भाग आहे. तिसरी, राख टाकायची जागा स्वच्छ असावी लागते. राख म्हणजे घाण नव्हे. काल अर्पण झाले, आग लागली, याची ती साक्ष आहे. तरी साक्ष असली म्हणून ती वेदीवर राहू दिली तर आजची आग गुदमरेल. निर्गम २७:३ मध्ये राखेसाठी वेगळी भांडी सांगितली आहेत. गणना ४:१३ मध्ये तळ हलवताना प्रथम वेदीची राख काढायची व मग तिच्यावर जांभळे वस्त्र पसरायचे, असे आहे.

यहूदी लोकांच्या मिशना ग्रंथातील योमा या भागात एक हकीकत आहे. मंदिरात पहाटे राख काढण्याचा मान मिळावा म्हणून याजक वेदीच्या उतरणीवरून शर्यत लावीत. एकदा दोघे बरोबरीने धावले, एकाने दुसऱ्याला ढकलले व त्याचा पाय मोडला. तेव्हापासून हे काम चिठ्ठ्या टाकून वाटून देण्यात आले. राख काढण्यासाठी माणसे धावत होती! आमच्या सणाला उपदेशकाचे, गायकांचे, देणगीदारांचे आभार मानले गेले. राख काढणाऱ्या मावशींचे नाव यादीत नव्हते. ती यादी आम्हीच लिहिली होती.

मंडळीच्या जीवनातही जुनी राख साचते. ती वाईट गोष्टींचीच असते असे नाही. एके काळी उत्तम चाललेले काम, त्याचा मान, त्याची जुनी पद्धत हीही राखच. ती आदराने उचलून स्वच्छ जागी ठेवावी आणि आजच्या लाकडाला हवा द्यावी.

आम्ही आमच्यापुरते एक ठरवले आहे. प्रीतिभोजनाच्या दिवशी जो उपदेश करील तोच संध्याकाळी थांबून शेगड्यांची राख काढील. पहिली पाळी आमची होती. मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी दोन भोके राहिल्याचे दाखवून दिले.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. लेवीय ६:१० व ६:११ मध्ये याजक वस्त्रे का बदलतो असे तुम्हांस वाटते?
२. तुमच्या घरी चुलीची किंवा शेगडीची राख कोण काढते? त्या व्यक्तीला तुम्ही कधी मदत केली आहे काय?
३. विझलेली दिसणारी राख कोठे ठेवावी व कोठे ठेवू नये? मुलांकडून घरी जाऊन पाहणी करवून घ्या.
४. आपल्या मंडळीत कोणते काम रोज होते, परंतु आभाराच्या यादीत येत नाही?